वाचकांचे प्रश्न : केसाळ कुत्रा आणि सोलापूरचं ऊन

प्रश्न : आमच्याकडे दोन वर्षांची ओल्ड इंग्लिश शीपडॉग मादी आहे. एप्रिल-मेमध्ये तिची फार तगमग होते. शेजारी सांगतात, मशीन फिरवून सगळे केस काढून टाका. काढावेत का? (होटगी रोड)

उत्तर : कातडीपर्यंत कधीच काढू नका. या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वर लांब, राठ केस आणि खाली लोकरीसारखं मऊ अस्तर. वरचा थर ऊन कातडीला लागू देत नाही. तो गेला की कातडी भाजते, आणि नवे केस पुष्कळदा ठिगळं लावल्यासारखे उगवतात. खरा त्रास देतं ते आत साचलेलं मेलेलं अस्तर. ते विंचरून काढलं की वारा आत पोचतो. नियमित विंचरणं जमणारच नसेल, तर फेब्रुवारीअखेर दीड-दोन इंच ठेवून केस कातरून घ्या. पोटाखालचे मात्र बारीक केले तरी चालतं. शहाबादी फरशीवर पोट टेकूनच ती अंग निववते.

फिरणं सूर्योदयापूर्वी आणि रात्री आठनंतर. डांबरावर पालथा हात ठेवून सात आकडे मोजा. चटका बसला तर तिचे तळवेही पोळणार. कुत्र्याला घाम फक्त तळव्यांना, तोही नावापुरता येतो. सगळी भिस्त धापा टाकण्यावर. गुदद्वारात थर्मामीटर लावून पाहिलं तर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे नेहमीचं तापमान. धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चाल अडखळते, ही उष्माघाताची लक्षणं. अशा वेळी आधी पाणी, मग रिक्षा. अंगभर साधं पाणी ओता, केस बाजूला करून ते कातडीपर्यंत जाऊ द्या, पंखा लावा. तापमान १०३.५ वर आलं की ओतणं थांबवा, नाहीतर अंग गरजेपेक्षा गार पडतं. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो दोन मिनिटांत गरम होऊन उष्णता आतच कोंडतो. नंतर ती ठीक दिसली तरी दवाखान्यात न्याच; मूत्रपिंडावरचा परिणाम एखाद-दोन दिवसांनी दिसतो.

प्रश्न : रोज ब्रश करूनही काखेत आणि कानामागे जटा होतात. माळावरून आला की कुसळंही अडकतात. (जुळे सोलापूर)

उत्तर : ब्रश वरवर फिरतोय. कुत्र्याला कुशीवर झोपवा, एका हाताने केस वर दाबून धरा, कातडीची रेघ दिसली पाहिजे. तिथून बोटभर पट्टा खाली विंचरा, मग त्याच्या वरचा. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत अडखळल्याशिवाय गेला, तरच झालं म्हणायचं. आठवड्यातून दोनदा, तास-दीड तास लागतो, आणि त्याला पळवाट नाही. गुंता बोटांनी सोडवा, टोकाकडून मुळाकडे या. कात्री लावायचीच तर गुंता आणि कातडी यांच्यामध्ये आधी कंगवा सरकवा. अंघोळ गुंता सुटल्यावरच. ओली जट नमद्यासारखी घट्ट होते. बोअरच्या जड पाण्यात शॅम्पू लवकर निघत नाही, म्हणून खळबळून धुवा. आपल्याकडच्या टर्किश टॉवेलने टिपा, घासू नका.

कुसळाला हलकं समजू नका. पावसाळा सरल्यावर कुसळी गवत वाळतं, आणि त्याचं टोक उलट्या काट्यांमुळे पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलं तर तिथे फोड येऊन पू वाहतो, कानात गेलं तर कुत्रा डोकं झटकत राहतो. ऑक्टोबर ते जानेवारी पंजाखालचे केस कापलेलेच ठेवा आणि घरी आल्यावर पंजे, काखा, कान, जांघ या क्रमाने चाचपा. कानातलं कुसळ घरी चिमट्याने ओढू नका, पशुवैद्यकाकडे जा.

प्रश्न : मुलं पळाली की हा त्यांच्या टाचांना तोंड लावतो. चावरा होईल का? (विजापूर रोड)

उत्तर : हा मेंढ्या हाकणाऱ्या जातीचा स्वभाव आहे, राग नव्हे. तरी चालू देऊ नका. तोंड लावताच मुलांनी जागीच उभं राहायचं, आणि कुत्र्याला बोलावून चेंडू द्यायचा. ओरडून पळालात तर त्याला ते हाकणं जमलं असंच वाटतं.

प्रश्न : गोचीड फार झालेत. शेळ्या-मेंढ्यांना देतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन द्यावं का? (बार्शी रोड)

उत्तर : नाही. कोली आणि तिच्या नात्यातल्या काही मेंढपाळी जातींत एमडीआर१ या जनुकातला दोष आढळतो. ओल्ड इंग्लिश शीपडॉगमध्येही काहींत तो असतो. अशा कुत्र्याच्या मेंदूत हे औषध शिरतं आणि साचतं. मेंढीचा डोस किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. दोष असलेल्या कुत्र्याला एवढ्याने झोकांड्या, विस्फारलेल्या बाहुल्या, बेशुद्धी येते. यावर उतारा नाही. हृदयातल्या जंतासाठीच्या गोळीत हेच औषध किलोमागे जेमतेम ६ मायक्रोग्रॅम असतं, म्हणून ती चालते. गालाच्या आतल्या पुसणीतून या जनुकाची तपासणी होते. गोचिडासाठी पशुवैद्यकाकडून वजनाप्रमाणे गोळी लिहून घ्या. भिंतीच्या फटी आणि अंथरूणही साफ करा, कारण गोचिडाची मादी अंडी कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तिथेच घालते. ताप, हिरड्या फिक्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा.