वाचकांचे प्रश्न: एका मॉनिटरवर अक्षरं स्वच्छ, दुसऱ्यावर धूसर

प्रश्न: डीटीपीचं काम करतो. 14 इंची लॅपटॉप आहे, स्केल (विंडोजमध्ये अक्षरं-बटणं मोठी करायचं माप) 150 टक्के. त्याला 24 इंची मॉनिटर जोडलाय, स्केल 100. दोन्हींचं रिझोल्यूशन 1920 बाय 1080. पेजमेकर 7 (पानं लावायचं सॉफ्टवेअर) लॅपटॉपवर धूसर दिसतं, मॉनिटरवर स्वच्छ. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं बरोबर उलटं. ओळखीतल्या एकाने सांगितलं म्हणून लॅपटॉपचं रिझोल्यूशन 1366 बाय 768 केलं, तर आता सगळंच फिसकटलंय. (एक वाचक, सांगली)

उत्तर: आधी रिझोल्यूशन परत 1920 बाय 1080 करा. डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, आणि जिथे 'रेकमेंडेड' लिहिलंय तेच निवडा. 1366 ठेवलं की प्रत्येक ठिपका पॅनेलच्या साधारण 1.4 ठिपक्यांवर पसरतो. अर्धा ठिपका पेटवता येत नाही, मग कडा करड्या होतात. देवनागरीत त्याचा फटका जास्त बसतो. लहान टायपात अनुस्वार हा जेमतेम एक-दोन ठिपक्यांचा. तो शिरोरेघेत मिसळला की 'चिता' आणि 'चिंता' यांत फरक उरत नाही, आणि प्रुफात चूक निसटते. अक्षर मोठं हवं तर स्केल वाढवायचं. रिझोल्यूशनला हात लावायचा नाही.

तुमच्या लॅपटॉपवर एका इंचात सुमारे 157 ठिपके बसतात, मॉनिटरवर 92. म्हणून लॅपटॉपला 150 आणि मॉनिटरला 100 हे तुम्ही ठेवलेले आकडे योग्यच आहेत. गडबड सॉफ्टवेअरच्या वयात आहे.

कोणत्या पडद्यावर धूसर दिसतं, यावरूनच दुखणं कळतं. पेजमेकर 7 हे 2001 सालचं. स्केल नावाची गोष्ट त्याला ठाऊकच नाही. ते नेहमी 100 टक्क्यांच्या मापाने चित्र काढतं आणि लॅपटॉपवर विंडोज ते चित्र दीडपट ताणतं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला स्केल कळतं, पण एकच. साइन इन करताना मुख्य पडद्याचं जे माप असेल ते ते धरून बसतं. तुमचा मुख्य पडदा लॅपटॉप, म्हणून ते 150 ने काढतं आणि मॉनिटरवर नेलं की आक्रसून धूसर होतं. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'डीपीआय अवेअरनेस' चालू करा. पेजमेकरसमोर 'अनअवेअर' आणि दुसऱ्यासमोर 'सिस्टीम' दिसायला हवं.

पेजमेकरसाठी: त्याच्या मूळ ईएक्सई फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. सगळ्यात खालच्या 'ओव्हरराइड' या चौकटीत टिक करून 'सिस्टीम एनहान्स्ड' निवडा, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. जुन्या सॉफ्टवेअरचा मजकूर याने बऱ्याचदा स्वच्छ होतो; चित्रं आणि टूलबारची बटणं मात्र तशीच राहू शकतात. तिथेच 'ॲप्लिकेशन' निवडलंत तर सगळं धारदार होईल, पण मेनू इतके बारीक होतील की दिवसभर काम करताना डोळे दुखतील. आमचं मत विचाराल तर पानं मॉनिटरवरच लावा. तिथे हा प्रश्नच नाही.

हिशेबासाठी: डिस्प्ले सेटिंग्जमध्ये 24 इंची मॉनिटरवर क्लिक करून 'मेक धिस माय मेन डिस्प्ले'वर टिक करा. मग साइन आउट करून परत साइन इन करा. ही शेवटची पायरी गाळली तर काहीच बदलत नाही, आणि बरेच जण नेमके इथेच अडकतात.

प्रश्न: 27 इंची फोर-के मॉनिटर डावीकडे, जुना 1080 चा उजवीकडे. माउस मध्येच भिंतीला अडकल्यासारखा थांबतो. विंडो ओढताना तिचा आकारही अचानक बदलतो. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: विंडोज दोन्ही पडदे ठिपक्यांत मोजून शेजारी ठेवतं. एक 2160 ठिपके उंच, दुसरा 1080. टेबलावर ते जवळपास सारखे दिसले तरी मोठ्याच्या अर्ध्या कडेला पलीकडे काहीच नसतं; माउस तिथेच अडतो. डिस्प्ले सेटिंग्जमधले 1 आणि 2 हे चौकोन ओढून, तुमचा माउस जिथून जास्त जातो तो भाग जुळवा. विंडोज 11 च्या नव्या आवृत्त्यांत 'मल्टिपल डिस्प्लेज'खाली 'ईझ कर्सर मूव्हमेंट बिट्वीन डिस्प्लेज' आहे, ते चालू ठेवा. आकार बदलणं हा बिघाड नाही: विंडोचा मोठा भाग पलीकडे गेला की तिला तिथलं स्केल लागतं. मधली ओढाताण टाळायला विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबा.

फोर-केला 150 पुरेल, पण ते यादीतूनच निवडा. 'कस्टम स्केलिंग'मध्ये आकडा टाइप केलात तर तो दोन्ही पडद्यांना लागतो आणि जुन्यावरची अक्षरं नको तेवढी फुगतात. तसं झालं असेल तर तिथलंच 'टर्न ऑफ कस्टम स्केलिंग अँड साइन आउट' दाबा.

प्रश्न: क्लासमध्ये टीव्हीला लॅपटॉप जोडला की टास्कबार कापला जातो. (एक शिक्षिका, लातूर)

उत्तर: इथे स्केलचा संबंध नाही. टीव्ही स्वतःच चित्र थोडं मोठं करून कडा छाटतोय. टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चर साइजमध्ये जा आणि 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडा. कंपनीप्रमाणे नाव बदलतं.