बरं वाटतंय, मग गोळी कशाला?

"मॅडम, आता बरं वाटतंय. गोळीची सवय लागली तर?" नैराश्यावर औषध घेणारे बहुतेक जण कधी ना कधी हे विचारतात. विचारणाऱ्यांची मला काळजी नसते. न विचारता गोळी सोडणारेच घोर लावतात.

सुनीताताई (नाव बदललं आहे) त्यांतल्याच. शाळेत शिक्षिका. पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी सुरू होऊन पाच महिने झालेले, झोप लागू लागली होती, वर्गात मन रमत होतं. मे महिन्यात पुतणीचं लग्न निघालं. चार बायकांसमोर पर्समधून गोळ्यांची पट्टी कशी काढायची, म्हणून ती घरीच ठेवली. हळदीच्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायला लागलं. गरगरणं, मळमळ, रात्री चित्रविचित्र स्वप्नं, कुणी साधं काही बोललं तरी रडू. जाऊबाईंनी दृष्ट काढली. नवरा म्हणाला, "बघ, व्यसनच लागलंय तुला." ताईंना वाटलं, दुखणं उलटलं.

मी आधी तारखा विचारल्या. गोळी बंद केल्यापासून तिसऱ्याच दिवशी त्रास सुरू झालेला. आजार उलटतो तो सहसा काही आठवड्यांनी, महिन्यांनी, हळूहळू. आणि त्यात असे करंट बसत नाहीत. पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर उतरतं, म्हणून ते एकदम तोडलं की त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचंच दुसरं औषध कित्येक दिवस रेंगाळतं, त्यात हे कमी दिसतं. व्यसन म्हणावं तर ताईंना गोळीची तलफ नव्हती, डोस वाढवावासाही वाटत नव्हता. पण "सवयबिवय काही लागत नाही हो" असं म्हणून वेळ मारून नेणं मला पटत नाही. मेंदू औषधाशी जुळवून घेतो, त्याला सावरायला वेळ द्यावा लागतो, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

औषध देणं माझं काम नाही. ताईंसमोरच त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. डॉक्टरांनी तोच डोस पुन्हा सुरू केला, दोन-तीन दिवसांत डोकं शांत झालं. (गोळी सोडल्यावर जीव द्यावासा वाटू लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. डॉक्टरांना गाठा, किंवा १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा; तो चोवीस तास चालू असतो आणि मोफत आहे.)

मग ताईंनी विचारलं, "अर्धी-अर्धी करून सोडू का?" पट्टीवर 'सीआर' छापलेलं होतं. या गोळीतून औषध हळूहळू सुटतं. ती मोडायची नसते. पूर्ण बरं वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवायचं, मग साध्या गोळीवर आणून काही महिन्यांत पायरीपायरीने उतरवायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं. शेवटच्या पायऱ्या सगळ्यांत लहान, कारण कमी डोसवर थोडीशी घटही जाणवते.

दहावीचे पेपर तपासायच्या दिवसांत मात्र डोस उतरवायचा नाही, ही अट ताईंनी घातली. डॉक्टरांनी ती लगेच मान्य केली.