सहलीचा पैसा किराण्यातून काढू नका

अमेरिकेच्या ईशान्य भागातून एका वाचक भगिनीने लिहिले आहे : ‘आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलगी आठ वर्षांची आहे आणि मुलगा चार वर्षांचा. पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना फ्लोरिडातील डिझ्नी वर्ल्डला न्यायचे ठरवले आहे, म्हणजे दीड वर्ष हाताशी आहे. पण महिनाअखेरीस शिल्लक म्हणून काही राहतच नाही. यजमानांनी आता दूध, फळे आणि भाजीच्या खर्चात हात आखडता घ्यायला सुरुवात केली आहे आणि त्यावरून घरात रोज कुरबुर होते. काटकसर नेमकी कुठे करावी?’

प्रथम एक स्पष्ट सांगतो. दूध आणि फळे यांच्यापासून सुरुवात करणे ही काटकसरीची सर्वांत वाईट सुरुवात आहे. तो खर्च रोज डोळ्यांसमोर असतो म्हणून तो मोठा वाटतो, आणि त्यात केलेली कपात रोज जाणवते म्हणून ती दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. ज्या खर्चाकडे कोणाचे लक्षच नसते, जो महिन्याच्या ठरावीक तारखेला खात्यातून आपोआप निघून जातो, तो कमी केला तर घरातल्या कोणाला पत्ताही लागत नाही. दीड वर्ष चालवायच्या बचतीत हाच गुण सर्वांत महत्त्वाचा मानावा.

तेव्हा एखाद्या रविवारी दोघांनी मिळून बँकेच्या आणि क्रेडिट कार्डाच्या मागील तीन महिन्यांच्या विवरणपत्रांची छापील प्रत काढून बसावे. मोबाइलच्या पडद्यावर ही तपासणी होत नाही. बोट पुढे सरकते आणि नजर निसटते. कागदावर पेन्सिलीने दर महिन्याला पुन्हा येणाऱ्या प्रत्येक नोंदीभोवती वर्तुळ काढावे. पहिल्या पानाच्या मध्यापर्यंतच एखादी अशी नोंद सापडते की ‘हे आपण कधी घेतले?’ असे दोघेही एकमेकांना विचारतात : मुलीने एका सुटीत पाहिलेल्या कार्टूनसाठी घेतलेली वाहिनी, जुन्या फोनमधील फोटोंसाठी घेतलेली साठवणुकीची जागा, जानेवारीत उत्साहाने घेतलेले आणि मार्चनंतर न वापरलेले व्यायामशाळेचे सदस्यत्व. यांतील प्रत्येक रक्कम किरकोळ असते, म्हणूनच ती वर्षानुवर्षे सुखाने नांदते. चित्रपटांच्या वाहिन्यांपैकी एका वेळी एकच ठेवावी आणि ती पाहून झाली की बंद करून दुसरी घ्यावी. तुमच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालय लिबी किंवा कॅनोपी या ॲपशी जोडलेले असेल, तर पुस्तके, श्राव्य पुस्तके आणि चित्रपट ग्रंथालयाच्या कार्डावर फुकट मिळतात. कराच्या रूपाने त्याचे पैसे आपण भरलेलेच असतात.

त्यानंतर मोबाइलचे बिल आणि वाहनविमा यांच्याकडे वळावे. मोठ्या कंपन्यांच्याच मनोऱ्यांवरून सेवा देणाऱ्या लहान कंपन्या अमेरिकेत बऱ्याच आहेत आणि त्यांचे दर बहुधा बरेच कमी असतात. गर्दीच्या वेळी इंटरनेटचा वेग थोडा मंदावतो, एवढाच काय तो फरक. विम्याच्या बाबतीत आपली मंडळी फारच निष्ठावान असतात. पहिली गाडी घेताना ज्या कंपनीचा विमा घेतला, तिलाच दहा वर्षे धरून राहण्याबद्दल कोणी बक्षीस देत नाही. उलट मुकाट्याने नूतनीकरण करणाऱ्याचा हप्ता वाढत गेल्याचे अनेकदा दिसते. नूतनीकरणाच्या महिनाभर आधी त्याच संरक्षणासाठी तीन-चार ठिकाणचे दर मागवावेत. हप्ता कमी व्हावा म्हणून संरक्षणच कमी करणे मात्र टाळावे, कारण एका अपघातात अशा दहा सहलींचा खर्च निघून जाऊ शकतो.

विजेचे आणि गॅसचे बिल तुमच्या भागातील हिवाळ्यात मोठे येते. अमेरिकी ऊर्जा विभागाच्या हिशोबाप्रमाणे दिवसातील आठ तास थर्मोस्टॅट नेहमीपेक्षा 7 ते 10 अंश फॅरनहाइटने हिवाळ्यात खाली आणि उन्हाळ्यात वर ठेवला, तर घर तापवण्या-थंड करण्याच्या वार्षिक खर्चात 10 टक्क्यांपर्यंत बचत होते. रात्रीची झोप किंवा सगळे घराबाहेर असण्याची वेळ यासाठी आयतीच सापडते. पाणी तापवण्याच्या टाकीचे तापमान 120 अंश फॅरनहाइटवर आणून ठेवावे. कपडे थंड पाण्यात धुवावेत, कारण गरम पाण्याच्या धुण्यात यंत्राला लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग पाणी तापवण्यातच जातो. ही कामे एकदा करून विसरता येतात.

आता स्वयंपाकघर. खाण्यात कपात करू नका असे मी म्हटले. पण फेकण्यात कपात जरूर करा. शुक्रवारी रात्री फ्रिजचा खालचा खण बाहेर ओढून पाहावा : पिशवीतच काळी पडलेली कोथिंबीर, एका बाजूने मऊ झालेली काकडी, गेल्या आठवड्यात आणलेली पालकाची जुडी आणि तिच्या शेजारी या आठवड्यातील दुसरी जुडी. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या अंदाजानुसार देशातील 30 ते 40 टक्के अन्न वाया जाते आणि त्यातील मोठा वाटा घरांमधला असतो. घाऊक दुकानांतील मोठ्या पिशव्यांचा मोह आपल्याला विशेष असतो. डाळ-तांदळासाठी तो रास्त आहे, पण चार माणसांच्या घरात हिरव्या भाजीची घाऊक खरेदी म्हणजे स्वस्तात घेऊन महागात फेकणे होय. खरेदीला निघण्यापूर्वी त्या खणाचा फोटो काढून सोबत न्यावा. यादीपेक्षा तो अधिक उपयोगी पडतो.

परदेशातील आपल्या घरांत याहूनही मोठा एक खर्च असतो आणि त्याचा उल्लेख करताना थोडे अवघडल्यासारखे होते : शनिवार-रविवारच्या पार्ट्या. वर्गमित्रांचे वाढदिवस, त्यांच्या भेटी, आपल्या मुलांच्या वाढदिवसाला भाड्याने घेतलेली जागा, पाहुण्या मुलांना परत द्यायच्या पिशव्या, पंचवीस माणसांच्या जेवणासाठी बाहेरून मागवलेले पदार्थ. यात माणसे महत्त्वाची आहेत आणि परक्या देशात गोतावळा जपायलाच हवा. त्यामुळे पार्ट्या बंद करा असे मी सुचवणार नाही. त्यांचा थाट उतरवावा, एवढेच सुचवीन. प्रत्येक कुटुंबाने एक पदार्थ आणावा आणि मुलांच्या भेटीची एक ठरावीक मर्यादा असावी, असा प्रस्ताव एखाद्याने मांडला, तर बाकीचे मनातून सुटकेचा निःश्वास टाकतात असा माझा अनुभव आहे. प्रत्येकालाच तो खर्च जड जात असतो. पहिले कोणी बोलायचे, एवढाच प्रश्न असतो.

इतके करूनही बहुतेक घरांची बचत फसते. याचे कारण असे, की वाचलेला पैसा त्याच खात्यात पडून राहतो आणि महिनाभरात दुसऱ्या कशावर तरी खर्च होतो. समजा, फोनचे बिल 50 डॉलरांनी कमी झाले. ते 50 डॉलर चालू खात्यातच राहिले, तर सहलीच्या दृष्टीने ते वाचलेच नाहीत. म्हणून सहलीसाठी बरे व्याज देणारे वेगळे बचत खाते उघडावे आणि एखादा खर्च ज्या दिवशी कमी केला, त्याच दिवशी त्या खात्याकडे जाणारी स्वयंचलित रक्कम तेवढ्याने वाढवावी. सहलीचा अंदाज 6,000 डॉलर धरला, तर अठरा महिन्यांसाठी महिन्याला 333 डॉलर लागतील. हा आकडा तुमच्या अंदाजाप्रमाणे बदलावा. पण मनातल्या मनात ‘बरेच लागतील’ असे म्हणून सोडून देऊ नये.

तुमच्यापैकी कोणाचा पगार दर दोन आठवड्यांनी होत असेल, तर आणखी एक वाट आहे. असे पगार वर्षाला 26 होतात, म्हणजे वर्षातील दोन महिन्यांत तीन-तीन पगार जमा होतात. भाडे, हप्ते आणि बिले आपण दोन पगारांच्या हिशोबाने बसवलेली असतात. तिसरा पगार आला की तो कुठे गेला हे कळत नाही. येत्या दीड वर्षात असे तीन जादा पगार येतील. पुढील वर्षाच्या दिनदर्शिकेवर त्या तारखा आजच खूण करून ठेवाव्यात आणि त्यांतील निम्मी रक्कम जरी थेट सहलीच्या खात्यात वळवली, तरी दूध-फळांवरून वाद घालण्याचे कारण उरणार नाही. कर-परताव्याची रक्कमही अशीच वळवता येते. निवृत्तीच्या खात्यात कंपनी आपल्या वाट्याइतकी भर घालत असेल, तर तो वाटा मात्र सहलीसाठी थांबवू नये. क्रेडिट कार्डावर थकबाकी असेल, तर आधी ती फेडावी. 20 टक्क्यांच्या वर व्याज भरत असताना सहलीसाठी साठवणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

आता खर्चाची दुसरी बाजू पाहू. वर्षभर घरात वाचवलेले पैसे उद्यानात चार दिवसांत उडतात, ते मुख्यतः तारीख चुकल्यामुळे. 2018 च्या ऑक्टोबरपासून डिझ्नी वर्ल्डच्या तिकिटांचे दर तारखेनुसार बदलतात. नाताळ, ईस्टर आणि वसंतातील शालेय सुटी हे सर्वांत महाग काळ. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे : फ्लोरिडातील शाळा ऑगस्टच्या पूर्वार्धातच उघडतात, तर ईशान्येकडील अनेक शाळा ‘लेबर डे’ (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाल्यावर सुरू होतात. त्यामुळे ऑगस्टचा शेवटचा पंधरवडा तुमच्या मुलांना मोकळा असतो, उद्यानांत गर्दी कमी असते आणि तिकीट, हॉटेल व विमान या तिन्हींचे दर बहुधा उतरलेले असतात. उकाडा भरपूर असतो आणि तो चक्रीवादळांचा हंगामही आहे. म्हणून रद्द करता येईल असेच हॉटेल घ्यावे.

मुलांच्या वयाचाही हिशोब करावा. तेथे तीन वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. 3 ते 9 हा बालगट असतो आणि दहाव्या वाढदिवसापासून प्रौढांचे तिकीट पडते. तुमची मुलगी पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये दहाच्या आत असेल की नाही हे तिच्या वाढदिवसाच्या तारखेवर ठरेल, पण बालतिकीट प्रौढांपेक्षा थोडेच स्वस्त असते, त्यामुळे केवळ त्यासाठी कोणी धावाधाव करू नये. उंची अधिक महत्त्वाची आहे. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन या राइडसाठी किमान 38 इंच आणि स्पेस माउंटन या राइडसाठी 44 इंच उंची लागते. आज चार वर्षांचा असलेला तुमचा मुलगा दीड वर्षाने बऱ्याच जास्त राइडवर बसू शकेल. थांबण्याचा हा खरा फायदा आहे. आजी-आजोबा भारतातून येणार असतील आणि त्यांनाही नेण्याचा विचार असेल, तर तेथे ज्येष्ठांसाठी तिकिटात सवलत नसते हे आधीच लक्षात घ्यावे.

दिवसांची संख्या वाढली की दर दिवसाचे तिकीट स्वस्त होत जाते. पण म्हणून दिवस वाढवत नेणे म्हणजे बचत नव्हे. पहिल्या सहलीला तीन किंवा चार दिवस पुष्कळ झाले. डिझ्नीची प्रतिस्पर्धी कंपनी युनिव्हर्सल हिचे एपिक युनिव्हर्स हे नवे उद्यान 22 मे 2025 रोजी ऑरलँडोतच सुरू झाल्यामुळे ‘आलोच आहोत तर तेही करू’ हा मोह होईल. तो पुढच्या सहलीसाठी राखून ठेवावा.

उद्यानातील खाणे हा हमखास खिसा रिकामा करणारा भाग आहे. डिझ्नी वर्ल्डमध्ये स्वतःचे खाद्यपदार्थ आत नेण्यास परवानगी आहे, हे अनेकांना माहीत नसते. काचेची भांडी आणि मद्य चालत नाही, तसेच डबा थंड ठेवायला सुटा बर्फ न नेता गोठवलेली जेलची पाकिटे न्यावीत. झटपट खाण्याच्या ठिकाणी मागितल्यास बर्फाचे पाणी फुकट मिळते : रांगेत उभे राहून ‘आइस वॉटर’ एवढेच म्हणावे, आणि चार पेले मागितले तरी कोणी भुवई उंचावत नाही. युनिव्हर्सलचे नियम मात्र कडक आहेत. तेथे पाण्याची बाटली, किरकोळ खाऊ, तान्ह्यांचे अन्न आणि वैद्यकीय गरजेचे पदार्थच आत नेता येतात.

रांग टाळण्यासाठी पैसे मोजावेत का, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाला पडतो. 1971 साली डिझ्नी वर्ल्ड उघडले तेव्हा प्रौढांचे प्रवेशशुल्क साडेतीन डॉलर होते आणि प्रत्येक राइडचे कुपन वेगळे घ्यावे लागे. पुढे एकाच तिकिटात सगळे मिळू लागले आणि 1999 पासून फास्टपास ही रांग टाळण्याची सोयही फुकट होती. 2021 मध्ये ती बंद होऊन सशुल्क सेवा आली आणि 2024 च्या जुलैपासून ती ‘लाइटनिंग लेन’ या नावाने विकली जाते. म्हणजे एका अर्थाने गाडी पुन्हा कुपनांपाशी आली. माझे मत असे, की ऑगस्टअखेर जाणाऱ्यांनी सकाळी उद्यान उघडण्यापूर्वी दारात हजर राहावे आणि हा खर्च टाळावा. डिझ्नीच्या स्वतःच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो आणि त्यांना वाहनतळाचेही शुल्क पडत नाही. बाहेरचे स्वस्त घर भाड्याने घेताना रोजचे पार्किंग, गाडीचे भाडे आणि स्वच्छतेचे शुल्क मिळवून मगच तुलना करावी. पुष्कळदा दोन्ही आकडे जवळजवळ येतात. स्वयंपाकघर मिळते म्हणून घर घेतले आणि दमून आल्यावर कोणी गॅस पेटवलाच नाही, तर तो फायदा कागदावरच राहतो.

खरेदीसाठी मुलांना प्रत्येकी एक ठरावीक रकमेचे गिफ्ट कार्ड आधीच द्यावे आणि ते संपले की संपले, असे घरीच ठरवून घ्यावे. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला सहलीच्या खात्यातील शिल्लक दर महिन्याला दाखवावी. ती भावाला समजावून सांगेल आणि बहुधा वडिलांपेक्षा अधिक कडक हिशोब ठेवील. आरक्षणाचा क्रम असा ठेवावा : डिझ्नीचे हॉटेल घेणार असाल तर ते एका रात्रीचे भाडे आगाऊ भरून राखून ठेवता येते आणि मुदतीत रद्द केल्यास ते पैसे परत मिळतात, त्यामुळे ते सर्वांत आधी करावे; त्यानंतर विमान; आणि उद्यानाची तिकिटे परत करता येत नसल्यामुळे दोघांच्या रजा मंजूर झाल्यानंतर सर्वांत शेवटी घ्यावीत.