‘ते इंजेक्शन बाबांना सोसत नाही’

प्रश्न (वरुड तालुका, जि. अमरावती): संत्र्याच्या बागेत बाबांना मधमाश्या चावल्या. अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात मांडीत अ‍ॅड्रेनलिन दिलं. गांधी बसल्या, पण बाबा थरथर कापायला लागले, छातीत धडधड, तोंड पांढरंफटक. घरचे म्हणतात, हे इंजेक्शन त्यांना सोसत नाही, केसपेपरवर तसं लिहून घ्या. घ्यावं का? बाबांना बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल चालू आहे.

उत्तर: नका लिहून घेऊ. ते एक वाक्य पुढच्या वेळी त्यांच्या जिवावर बेतेल. अ‍ॅलर्जीच्या अशा जीवघेण्या झटक्यात गळ्याची सूज उतरवणारं, श्वासनळ्या मोकळ्या करणारं आणि घसरलेला बीपी वर आणणारं पहिलं औषध तेच आहे. एव्हिल (खाज-गांधींचं इंजेक्शन) आणि स्टेरॉइड त्याच्या मागून येतात, त्याच्या जागी नाही.

अ‍ॅड्रेनलिन आपल्याच शरीरात, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत तयार होतं. त्याची खरी अ‍ॅलर्जी जवळपास ऐकिवात नाही. कापरं, धडधड, घाम, डोकेदुखी हा त्या औषधाचाच गुण. रक्तवाहिन्या आवळल्या जातात म्हणून गांधी बसतात, आणि म्हणूनच चेहराही पांढरा पडतो. हे सगळं बहुधा 10 ते 20 मिनिटांत ओसरतं.

खरी चूक होते ती मात्रेत आणि जागेत. अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) 1 मिलीची, त्यात औषध 1 मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला त्यातलं अर्धंच, म्हणजे 0.5 मिली. मुलांना वजनाच्या दर किलोला 0.01 मिली, जास्तीत जास्त 0.3. 1 मिलीच्या बारीक सिरिंजमध्ये भरून मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत द्यायचं. घाई असेल तर लुगड्यावरून, पँटवरूनही चालतं. कुल्ल्यात दिलं तर उशिरा भिनतं. हेच औषध पातळ न करता झटक्यात शिरेत गेलं तर बीपी एकदम चढतो, हृदयाचे ठोके बिघडतात. अ‍ॅड्रेनलिनबद्दल ऐकू येणाऱ्या भीतीदायक गोष्टींचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

इंजेक्शननंतर पेशंट पांढरा पडून कापतोय पण श्वास मोकळा आहे, तर धीर द्या, झोपवून ठेवा. उलट घरघर, घोगरा आवाज, पुन्हापुन्हा उलटी, ग्लानी कायम असेल तर ते इंजेक्शनमुळे नाही, मूळ झटका अजून उतरलेला नाही. अशा वेळी 5 मिनिटांनी दुसरा डोस लागतो. पेशंटला उठवून चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. उभं केल्यावर बीपी कोसळून दगावलेले रुग्ण आहेत. पाय उंच करून आडवं ठेवा, धाप असेल तर टेकून बसवा.

अ‍ॅटेनोलॉलचं मात्र आवर्जून सांगा. त्या गटाच्या गोळ्यांमुळे (मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल, अगदी काचबिंदूचे टिमोलॉल थेंबसुद्धा) अ‍ॅड्रेनलिनचा असर कमी पडू शकतो. तेव्हा मोठ्या दवाखान्यात ग्लुकागॉन वापरतात. पण अ‍ॅड्रेनलिन टाळायचं नसतंच. गोळी मनाने बंद करू नका. बागेत रोजचं काम असेल तर बदलता येते का, ते डॉक्टरांना विचारा.

केसपेपरवर असं लिहून घ्या: ‘मधमाशीच्या डंखाने तीव्र अ‍ॅलर्जी. अ‍ॅड्रेनलिन 0.5 मिली मांडीत, अमुक वाजता, गुण आला. नंतर कापरं व धडधड, इतक्या मिनिटांत थांबली.’

प्रश्न (पुसद, जि. यवतमाळ): मुलीला दमा आहे, सल्फाइट घातलेलं खाल्लं की दम लागतो. अ‍ॅड्रेनलिनच्या खोक्यावरही सोडियम मेटाबायसल्फाइट लिहिलंय.

उत्तर: औषध टिकावं म्हणून ते बऱ्याच अँप्यूलमध्ये घालतात. प्रमाण फार थोडं असतं. जिवावरचा झटका असेल तर यासाठी इंजेक्शन रोखायचं नाही. सल्फाइटचा त्रास डॉक्टरांच्या कानावर घाला, एवढं पुरे.

प्रश्न (चिमूर, जि. चंद्रपूर): अंगाला खाज सुटली म्हणून सलाईनच्या नळीतून डेक्सा दिलं. लगेच जांघेत आणि खाली जबरदस्त झणझणलं. लाजेने बोललो नाही. ही अ‍ॅलर्जी का?

उत्तर: नाही. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, ते शिरेत भसकन सोडलं की हे होतं. थोड्याच वेळात जातं, हळू दिलं किंवा सलाईनमध्ये मिसळून दिलं तर सहसा होत नाही. निःसंकोच सांगा, नर्सताईंना ते ठाऊक असतं.

तरी अ‍ॅलर्जीच्या औषधांचीच अ‍ॅलर्जी होते, हे खरं आहे. क्वचित, पण होते. हायड्रोकॉर्टिसोनच्या इंजेक्शननंतर गांधी वाढल्या, दम लागला, तर संशय त्याच्यावर घ्या आणि डॉक्टरांना दुसरं स्टेरॉइड निवडू द्या. मिथाइलप्रेडनिसोलोनच्या 40 मिलिग्रॅमच्या काही वायलमध्ये लॅक्टोज असतं, त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश येऊ शकतो. दुधाची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला ती नको. सेटिरिझिनने गांधी उठत असतील तर लेव्होसेटिरिझिन आणि हायड्रॉक्सिझिनही त्याच कुळातली. एव्हिलने झोप येते, तोंड सुकतं. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्यांची लघवी अडू शकते. टोचल्यावर दुचाकी चालवत घरी जाऊ नका.

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा): डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिनची अँप्यूल आणि सिरिंज घरी ठेवायला सांगितलं, शिकवलंही. उन्हाळ्यात पारा 45च्या वर जातो.

उत्तर: अ‍ॅड्रेनलिनला ऊन आणि उजेड दोन्ही बाधतात. खोक्यातच, घरातल्या सर्वांत गार अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. गाडीच्या डिक्कीत किंवा वावरातल्या टिनाच्या खोपडीत नको, फ्रीजरमध्येही नको. महिन्यातून एकदा उजेडात धरून पाहा: गुलाबी, तपकिरी किंवा गढूळ दिसलं तर फेका. रंग बदलला नाही म्हणून मुदत संपलेली ठेवू नका. टोचल्यावर 108 ला फोन कराच. बरं वाटल्यावर काही तासांनी झटका परत येऊ शकतो. दवाखान्यात निदान 6 तास थांबा. दोन डोस लागले असतील किंवा गाव लांब असेल तर 12 तास.

आणि विंचवाला हे वापरू नका. लाल विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा आधीच पूर येतो. तिथे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेली प्राझोसिनची (रक्तवाहिन्या सैल करणारी) गोळी कामाची, तीही दवाखान्यात.