दोन अकाउंट करू का मॅडम?

शिक्षिका, नवीन वकील, कॅम्पसमधून नुकतीच नोकरी लागलेली पोरं, सगळ्यांची धास्ती हल्ली एकच. एचआरने नाहीतर क्लायंटने माझं इन्स्टा उघडून बघितलं तर? म्हणून कामाचं वेगळं आणि खासगी वेगळं अशी दोन अकाउंट करू का, असं माझ्याकडे समुपदेशनाला आले की विचारतात.

सेटिंगचं आधी सांगून टाकते, बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. लिंक्डइनवरचा डीपी आणि युजरनेम इन्स्टाला वापरू नका, कॉन्टॅक्ट सिंक बंद ठेवा, फेसबुकवरच्या जुन्या पब्लिक पोस्ट एकदम फ्रेंड्सपुरत्या करता येतात त्या करा. आणि इन्स्टा, रीच किती गेला बघायला म्हणून लोक अकाउंट प्रोफेशनल करतात आणि विसरून जातात, पण तसं अकाउंट प्रायव्हेट करताच येत नाही, वर जुलै २०२५ पासून त्याच्या पब्लिक पोस्ट गुगलवरही येऊ शकतात.

पण हे यूट्यूबवरही मिळतं. माझ्याकडे येणाऱ्याचं घोडं दुसरीकडेच अडलेलं असतं.

एक डेंटिस्ट यायची, तिशीच्या आतली (परवानगी घेतलीय, तपशील बदललेत). क्लिनिक नवं, इन्स्टा मात्र कॉलेजपासूनचं, त्यालाच क्लिनिकचं नाव दिलेलं, म्हणजे दिवसा रूट कॅनलचे एक्सरे आणि रात्री दीडला ब्रेकअपची शायरी. एका पेशंटच्या आईने मुलाला खुर्चीत बसवता बसवता विचारलं, "डॉक्टर, आता बऱ्या आहात ना?" झालं, झोप उडाली.

"माझ्या हातावर कोण विश्वास ठेवणार मॅडम?"

"तुझ्या डॉक्टरचं लग्न मोडलंय असं कळलं तर तू दाढ दुखताना दुसरीकडे जाशील?"

"नाही हो. वाईट वाटेल फक्त."

मग क्लिनिकचं नवीन काढ, जुनं परत पर्सनल करून प्रायव्हेट कर, पेशंट मंडळींना रिमूव्ह कर, त्यांना नोटिफिकेशनही जात नाही, एवढं सांगितलं. करते म्हणाली. पुढच्या भेटीत आली तरी सगळं तसंच, त्याच्या पुढच्या भेटीतही. आता दोन मिनिटांचं काम शिकलेली मुलगी इतकं टाळते तेव्हा मी मोबाइलचा विषय सोडून देते.

"प्रायव्हेट केलंस तर कोणाला दिसायचं बंद होईल?"

"पेशंट्सना."

"अजून?"

बराच वेळ गप्प. मीही गप्प बसले, तेवढं या कामात मला चांगलं जमतं. मग डोळे भरून आले तिचे. "त्याला. अनफॉलो केलंय त्याने, पण स्टोरी बघतो. नाव दिसतं ना खाली."

पेशंट बघतील ही भीती खोटी नव्हती, पण त्या एकाने बघावं ही ओढ त्या भीतीपेक्षा मोठी होती आणि ती तिची तिलाच ठाऊक नव्हती. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली, घटनेपेक्षा आपला हट्टच आपल्याला जास्त छळतो असं मानणारी. माझा त्रास त्याला कळलाच पाहिजे, हा तिचा हट्ट. त्याच्यावर आम्ही पुढे बऱ्याच भेटी काम केलं, इन्स्टाचं नावही न घेता.

म्हणून आता दोन अकाउंटचा प्रश्न आला की मी विचारते, तुझ्या शेवटच्या पाच पोस्ट उघड आणि प्रत्येक कोणी बघावी म्हणून टाकलीस ते एकेक नाव सांग. नाव पटकन आलं तर सेटिंग बदलून मोकळं व्हा. अडखळलात तर थोडं बसून बोलू. "सगळ्यांसाठी" म्हणणारेही भेटतात, त्यांना प्रत्येकाकडून शाबासकी हवी असते, त्यांची दोन काय चार अकाउंट झाली तरी धास्ती तीच राहते.

डॉक्टरीणबाईंचं जुनं अकाउंट नंतर प्रायव्हेट झालं, तिने स्वतःच केलं. शायरी चालू आहे, मला वाचायला पाठवते कधीमधी. बरी लिहिते, खरं सांगायचं तर.