सोसायट्यांच्या ऑफिससाठी ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवतोय. आत कोणता डेटाबेस बसवावा: एचएसक्यूएलडीबी, फायरबर्ड की एसक्यूलाइट?

मेंटेनन्सची बिलं, पावत्या आणि सभासदांची नोंदवही, एवढंच काम आहे असं तुम्ही लिहिलंय. ते एकाच कॉम्प्युटरवर होणार असेल तर डोळे झाकून एसक्यूलाइट घ्या. सेक्रेटरी आणि मॅनेजर दोघं आपापल्या मशीनवरून एकाच वेळी नोंदी करणार असतील तर फायरबर्ड. एचएसक्यूएलडीबीच्या वाटेला नव्याने जाऊ नका.

त्याचं कारण लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या बेसमध्ये, म्हणजे त्यातल्या डेटाबेसच्या प्रोग्राममध्ये दिसतं. 2005 साली लिबरऑफिसचा पूर्वज असलेल्या ओपनऑफिसच्या 2.0 आवृत्तीसोबत बेस आलं, तेव्हा त्याच्या पोटात एचएसक्यूएलडीबी होतं. ते जावामध्ये लिहिलेलं, त्यामुळे मशीनवर जावा नसेल तर सगळं अडतं. वर डेटा झिप केलेल्या फाइलच्या आत. मध्येच लाइट गेली तर काय उरेल याचा भरवसा नाही. 2014 साली लिबरऑफिस 4.2 मध्ये फायरबर्ड प्रायोगिक म्हणून आलं, पण जुन्या फाइली त्यात हलवणं वर्षानुवर्षं रेंगाळलं. डेटाबेसच्या इंजिनावर लोकांच्या क्वेऱ्या, फॉर्म, रिपोर्ट उभे राहतात, मग ते बदलणं म्हणजे भाडेकरू घरात असताना इमारतीचा पाया खणणं. म्हणून वेगाचे तक्ते बघत बसू नका. दोन-चारशे फ्लॅटच्या सोसायटीला यातलं कुठलंही इंजिन पुरून उरेल. फाइल वीस वर्षांनी उघडेल का, ते बघा. एसक्यूलाइट पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे त्यावर कुणाचाच कॉपीराइट नाही, परवान्याची कटकट नाही, आणि 2050 पर्यंत हे फाइल स्वरूप सांभाळू असं बनवणारे जाहीरपणे सांगतात.

आता त्याच्या खोड्या. त्यात पैशासाठी दशांश प्रकार नाही. रक्कम पूर्णांकात, पैशांमध्ये ठेवा: 2,350 रुपये म्हणजे 235000. नाहीतर व्याजाच्या हिशोबात पैशा-दोन पैशांचा फरक येतो आणि ऑडिटर त्यावरच बोट ठेवतो. तारखेलाही वेगळा प्रकार नाही, ती '2024-04-01' अशी वर्ष आधी लिहूनच ठेवा. आकड्याच्या रकान्यात कुणी 'बाकी' असं लिहिलं तरी ते मुकाट्याने साठवतं. 2021 च्या 3.37 आवृत्तीपासून चुकीच्या प्रकारचा डेटा नाकारणारी 'स्ट्रिक्ट' टेबल मिळतात, तीच वापरा. फॉरेन कीची, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोडणाऱ्या दुव्याची तपासणीही सहसा बंदच असते आणि प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते. ती विसरलात तर सभासद डिलीट होतो आणि त्याची थकबाकी बेवारस मागे राहते.

बॅकअपचा प्रश्न जास्त गंभीर. आपल्याकडे सेक्रेटरी बदलला की फाइल पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून जाते, हे धरूनच चाला. वॉल मोड (WAL, बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची एसक्यूलाइटची पद्धत) चालू असेल तर ताज्या नोंदी शेजारच्या '-wal' फाइलीत असतात. सॉफ्टवेअर उघडं असताना फक्त मुख्य फाइल कॉपी केली तर त्या मागे राहू शकतात. प्रोग्राममध्येच 'बॅकअप घ्या' असं ठळक बटण द्या आणि त्यामागे एसक्यूलाइटची 'व्हॅक्यूम इंटू' (VACUUM INTO) ही आज्ञा चालवा, म्हणजे एकच नीट फाइल हातात येते.

हीच फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून दोन मशीनवरून उघडायची युक्ती कुणीतरी सुचवेलच. ऐकू नका. नेटवर्कवर फाइलींचं लॉकिंग बेभरवशाचं असतं आणि वॉल मोड तर तिथे चालतच नाही. फायरबर्ड इथे उपयोगी पडतं. आज ते प्रोग्रामच्या आत चालवा, उद्या सोसायटीने दुसरा कॉम्प्युटर घेतला की तीच फाइल फायरबर्डच्या सर्व्हरला द्या. दशांश आणि तारखेचे प्रकारही त्यात आहेत. मोबदल्यात इन्स्टॉलरसोबत जास्त फाइली द्याव्या लागतात आणि अडलात तर मदत करणारे कमी भेटतात.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण पहिल्याच दिवशी तक्रार येईल ती याचीच. सभासदांची नावं देवनागरीत असतील तर एसक्यूलाइट ती युनिकोडच्या क्रमाने लावतं. क्षीरसागर खऱ्यांच्या आधी येतात, आणि 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसतो. मराठी क्रमासाठी एसक्यूलाइटला आयसीयू (ICU, भाषांचे नियम देणारी युनिकोडची लायब्ररी) एक्स्टेंशन जोडून मराठीचं कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचे नियम लावा. ते जड वाटलं तर यादी तुमच्या प्रोग्राममध्येच क्रमाने लावून घ्या, काही शे नावांना कितीसा वेळ लागणार.