लहरी अक्षर की अवखळ?

दिग्रसकडच्या एका फ्लेक्सवाल्या भाऊंनी विचारलंय: ‘मोदक’सारख्या गुबगुबीत देवनागरी फॉन्टला इंग्रजीत व्हिम्झिकल डिस्प्ले टाइपफेस म्हणतात. कोशात व्हिम्झिकलला ‘लहरी’ सापडलं. मग गिऱ्हाइकाला ‘लहरी अक्षर’ म्हणून दाखवू का?

नका दाखवू, भाऊ. लहरी म्हणजे ज्याचा भरवसा नाही ते. पेरणी झाली की दडी मारतो, तो पाऊस लहरी. फॉन्टमध्ये शंभर वेळा ‘ग’ दाबा, शंभरदा तोच ‘ग’ येणार. लहर होती ती काढणाऱ्याची.

मी ‘अवखळ’ म्हणेन. खोडकरात दुसऱ्याला त्रास आहे, खट्याळात चिमटा आहे. नखरेल असतं त्याला आपल्याकडे कोणी पाहतंय हे ठाऊक असतं. तो शब्द लग्नपत्रिकेतल्या लांब शेपटीच्या वेलांट्यांसाठी राखून ठेवा. अवखळ वासरू असतं, ओढा असतो. आमच्या गावचे जुने पेंटर काका मोदक पाहून म्हणाले, “हे अक्षर त लय वांड हाय बाप्पा!” जवळ गेले होते, पण वांडात दांडगाई येते.

टाइपफेसला ‘टंक’ हा पुस्तकी शब्द आहेच. पेंटर मात्र ‘वळण’ म्हणतात आणि मला तोच आवडतो. गुरुजी पोराला अन् अक्षराला एकाच शब्दानं वळण लावायचे. ‘अवखळ वळण’ म्हणजे वळण असून वळण न लागल्यासारखं. (कोशकार रागावतील, रागावू देत.) डिस्प्ले म्हणजे मोठ्या आकारात वापरायचं अक्षर; त्याला ‘प्रदर्शनी’ म्हणू नका, बैलांचं प्रदर्शन डोळ्यांपुढे येतं. ‘मथळ्याचं अक्षर’ पुरे.

आणि ते मथळ्याचंच ठेवा. मोदक हा ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींनी केलेला, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारा. नावाप्रमाणे फुगलेला, अक्षराच्या पोटातली मोकळी जागा इतकी दाबलेली की नुसती चीर उरते. तान्ह्या पोळ्याच्या फ्लेक्सवर फूटभर उंचीचं ‘नंदी सजावट स्पर्धा’ लिहा, लेकरं लांबूनच खूश. पण त्याच अक्षरात खाली नियम अन् बक्षिसांची यादी टाकली की चिरा बुजतात, ‘ब’चा ‘व’ होतो, अन् पहिलं ‘वक्षीस’ कोणाला हे विचारत लोक फिरतात. खालच्या मजकुराला त्याच मंडळींचा साधा ‘मुक्ता’ लावा.

आमच्या घरी आजोबांच्या तेरवीची पत्रिका अशाच गुबगुबीत अक्षरात छापून आली होती. ‘दुःखद’मधला विसर्ग म्हणजे एकावर एक ठेवलेले बुंदीचे दोन लाडू. आत्यानं पत्रिका हातात घेतली, वाचली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. रडली की हसली, हे तिनं अजून सांगितलं नाही.